मधल्याचे दायित्व : संगणकांच्या दुभाष्यांविषयी



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. ज्याचे आयुष्य व्याकरण आणि जुन्या कागदपत्रांची भाषा शिकवण्यात गेले, त्याने संगणकांच्या परस्परव्यवहाराविषयी बोलावे, ही प्रथमदर्शनी अनधिकार चर्चा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हा विषय मी जसजसा समजावून घेत गेलो, तसतसे माझ्या ध्यानात आले की, यंत्रांचा भाग वजा केला तर येथे जो प्रश्न शिल्लक राहतो तो भाषांतराचाच आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी अशी तिहेरी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या इंदूरच्या मराठी माणसाला तर तो परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम शब्दाचा खुलासा करू. दोन संगणकीय प्रणालींच्या मध्ये राहून एकीचा संदेश दुसरीला कळेल अशा रूपात पोहोचवणाऱ्या प्रणालीला इंग्रजीत ‘मिडलवेअर’ म्हणतात. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे संगणकशास्त्रज्ञांची जी परिषद भरली, तिच्या अहवालात हा शब्द आढळतो. मी त्याला ‘मध्यस्थ प्रणाली’ म्हणणार आहे. आपण पडद्यावर पाहतो ती ही प्रणाली नव्हे आणि ज्या खात्यात आपले पैसे मांडलेले असतात तीही नव्हे. ती या दोहोंच्या मध्ये असते, म्हणून सामान्य माणसाला तिचे दर्शन घडत नाही. दुभाष्याचेही असेच असते. संभाषण सुरळीत चालले तर त्याचे अस्तित्व जाणवत नाही, चूक झाली की मात्र सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात.

अशा मध्यस्थाची गरज का भासावी? कोणतीही मोठी संस्था एका दिवसात उभी राहत नाही. बँकेचेच उदाहरण घ्या. खातेवहीची प्रणाली एका काळी एका कंपनीने केलेली असते, परकीय चलनाची दुसऱ्या काळी दुसरीने. संशयास्पद व्यवहार तपासणारी प्रणाली आणखी निराळी असते आणि भ्रमणध्वनीवर सूचना धाडणारी त्याहून निराळी. एक प्रणाली तारखेत दिवस आधी लिहिते, दुसरी वर्ष आधी लिहिते. एकीत नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात, दुसरीत सगळ्यांचा मिळून एकच. अशा १० प्रणालींनी परस्परांशी थेट बोलायचे ठरवले, तर प्रत्येकीला उरलेल्या ९ जणींची भाषा शिकावी लागेल, म्हणजे ९० भाषांतरे सिद्ध करावी लागतील. परंतु सर्वांनी मिळून एक सामाईक रूप मान्य केले, तर प्रत्येकीला आपल्या रूपातून सामाईक रूपात आणि सामाईक रूपातून आपल्या रूपात अशी दोनच भाषांतरे पुरतात. ९० च्या जागी २०! मध्यस्थ प्रणालीच्या उपयुक्ततेचे गणित हे इतके सोपे आहे. ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ या लेखकद्वयाने २००३ साली या विद्येवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा ६५ रचना नावानिशी नोंदवल्या आहेत. त्यांत या सामाईक रूपाला महत्त्वाचे स्थान आहे.

आता एका संदेशाबरोबर आपण थोडा प्रवास करू. समजा, अमेरिकेत नोकरी करणारा एक मुलगा इंदूरमधील आपल्या आईला १,५०० डॉलर पाठवतो. नोटा कोठेही जात नाहीत, प्रवास करतो तो केवळ संदेश. तो येथील बँकेच्या दाराशी येतो तेव्हा मध्यस्थ प्रणालीचे काम सुरू होते.

तिचे पहिले काम म्हणजे आलेला संदेश जसाच्या तसा टिकाऊ जागी नोंदवून ठेवणे. पोच द्यायची ती त्यानंतर. हा क्रम उलटून चालत नाही. पोच आधी दिली आणि नोंद होण्यापूर्वीच वीज गेली, तर पाठवणारा निर्धास्त राहील आणि संदेश मात्र नाहीसा झालेला असेल. दुसरे काम पाकीट आणि पत्र वेगळे करण्याचे. कोणी पाठवले, कोणास, केव्हा, कोणत्या प्रकारचा संदेश, हा मजकूर पाकिटावर असतो. रक्कम, नावे, कारण हे आतल्या पत्रात असते. कित्येक निर्णय केवळ पाकीट पाहून घेता येतात, त्यासाठी पत्र वाचावे लागत नाही. तिसरे काम तपासणीचे. आवश्यक ते सर्व रकाने भरले आहेत काय, जेथे अंक हवेत तेथे अंकच आहेत काय, हे पाहिले जाते. चौथे काम, हाच संदेश पूर्वी येऊन गेला नाही ना, याची खातरजमा करणे. पोच वाटेत हरवली की पाठवणारा तोच संदेश पुन्हा पाठवतो. मध्यस्थाने तो नवा समजला तर आईच्या खात्यात दुप्पट रक्कम जमा होईल. यास्तव आंतरराष्ट्रीय देयकांना ३६ चिन्हांचा एक अनन्य क्रमांक दिला जातो आणि तो प्रवासाच्या अखेरपर्यंत बदलत नाही.

पाचवे काम रूपांतराचे. त्याविषयी पुढे विस्ताराने बोलणार आहे. सहावे काम भर घालण्याचे, म्हणजे संदेशात नसलेली परंतु बँकेच्या स्वतःच्या दप्तरात असलेली माहिती, उदाहरणार्थ शाखेचा क्रमांक, त्याला जोडण्याचे. सातवे काम वाट ठरवण्याचे. डॉलरचा संदेश परकीय चलनाच्या खात्याकडे जातो, संशयास्पद वाटणारा तपासणीकडे. आठवे काम रांगेत ठेवण्याचे. ज्या प्रणालीकडे संदेश जायचा ती त्या क्षणी बंद असेल, तर संदेश रांगेत थांबतो आणि ती जागी झाली की तिच्या हाती दिला जातो. आयबीएम या कंपनीने १९९३ साली ‘एमक्यूसिरीज’ या नावाने अशी रांगांवर चालणारी प्रणाली बाजारात आणली, तेव्हापासून ही पद्धत बँकांत रुळली.

आणि ज्या संदेशाचा अर्थच लागत नाही त्याचे काय? तो फेकून द्यायचा नसतो. त्यासाठी एक वेगळी पेटी असते. तिचे इंग्रजी नाव टपालखात्यावरून पडले आहे. पत्ता न लागणारी पत्रे जेथे जमा होत त्या ‘डेड लेटर’ कचेरीवरून तिला ‘डेड लेटर’ रांग म्हणतात. तेथे साचलेले संदेश रोज कोणीतरी माणसाने उघडून पाहावेत, अशी अपेक्षा असते. ही पेटी कोणी उघडतच नसेल, तर सारी यंत्रणा कितीही वेगवान असली तरी तिच्यावर विसंबणे कठीण.

आता रूपांतराकडे वळतो. बँकाबँकांतील आंतरराष्ट्रीय संदेशांची देवघेव करणारी ‘स्विफ्ट’ ही संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली आणि १९७७ पासून तिचे संदेशवहन सुरू झाले. तिच्या जुन्या संदेशरूपात काटकसर फार होती. तारखेतील वर्ष दोनच अंकांत लिहीत. ३ ऑक्टोबर २०२५ ही तारीख २५१००३ अशी लिहिली जाई. रकमेत दशांशचिन्ह म्हणून टिंब नव्हे, स्वल्पविराम वापरत. पैसे पाठवणाऱ्याचे वा घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता मिळून प्रत्येकी ३५ चिन्हांच्या ४ ओळींत बसवावे लागत. त्यानंतर आलेले नवे रूप ‘आयएसओ २००२२’ या नावाने ओळखले जाते. त्यात वर्ष चार अंकी आहे, दशांशचिन्ह टिंब आहे, नावासाठी १४० चिन्हांची जागा आहे आणि पत्त्यातील रस्ता, गाव, देश यांना स्वतंत्र रकाने आहेत. बँकाबँकांतील देयक-आदेशांसाठी २० मार्च २०२३ पासून २२ नोव्हेंबर २०२५ पर्यंत ही दोन्ही रूपे एकाच वेळी प्रचारात होती. काही बँका नवे बोलत आणि काहींना जुनेच कळे. म्हणून मध्ये भाषांतर करणे भाग होते.

या भाषांतराच्या दोन दिशा आहेत आणि प्रत्येकीतील अडचण वेगळी आहे. नव्यातून जुन्यात जाताना जागा अपुरी पडते, म्हणून काहीतरी गाळावे लागते. १४० चिन्हांचे नाव आणि सविस्तर पत्ता जुन्या चौकटीत मावत नाही. जुन्यातून नव्यात जाताना अडचण उलटी होते. जे मूळ संदेशात सांगितलेलेच नाही, ते रकाना भरण्यासाठी ठरवावे लागते. समजा, जुन्या संदेशात पत्त्याची ओळ आहे, ‘इंदूर रोड, उज्जैन’. गावाच्या रकान्यात काय घालावे? आपल्याला उत्तर सहज सुचते, कारण आपण या मुलखातले आहोत. परंतु ज्याला केवळ अक्षरे दिसतात ते यंत्र इंदूर हे गाव म्हणून उचलण्याची शक्यता आहेच.

जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकाला ही दुसरी अडचण फार ओळखीची आहे. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः दाखवलेला नसतो आणि शब्दही सुटे लिहिलेले नसतात. होळकरशाहीतील एखादा मोडी कागद देवनागरीत उतरवताना ‘दिन’ म्हणजे दिवस, की ‘दीन’ म्हणजे गरीब, हे लिप्यंतरकाराला संदर्भावरून ठरवावे लागते. देवनागरी त्याला मोघम राहू देत नाही. तेथे तो मूळ लेखकाच्या वतीने निर्णय घेत असतो. म्हणूनच चांगला संपादक शंकास्पद वाचन कंसात देतो, फाटलेल्या जागी टिंबे घालतो आणि मूळ कागद दप्तरात जपून ठेवतो. वाचन चुकले असेल तर पुढच्या अभ्यासकाला ते दुरुस्त करण्याची वाट मोकळी राहते.

संगणकांच्या जगातही उत्तम मध्यस्थाने हेच केले, ही गोष्ट मला विशेष वाटते. वर सांगितलेल्या संक्रमणकाळात स्विफ्टच्या भाषांतर-व्यवस्थेकडून घेणाऱ्या बँकेला केवळ भाषांतर जात नसे. नव्या रूपातील मूळ संदेश आणि त्याचे जुन्या रूपातील भाषांतर अशी जोडी एकत्र जात असे. शिवाय एखादा मजकूर जागेअभावी तोडावा लागला, तर त्याच्या शेवटी अधिकचे चिन्ह ठेवण्याचा नियम होता. ते चिन्ह पाहिले की वाचणाऱ्याला कळे, येथे काही गळले आहे, मूळ पाहावे. एवढ्याशा चिन्हात मध्यस्थाचा सारा प्रामाणिकपणा सामावलेला आहे, असे मी मानतो.

हे सारे आपल्याशी कोठे येऊन भिडते ते आता सांगतो. आपल्या वर्णमालेतील ‘ळ’ घ्या. विद्वानांच्या रोमन लिप्यंतरात ‘ळ’ साठी ‘एल’ या अक्षराखाली टिंब देण्याची सोय आहे. बँकेच्या आणि पारपत्राच्या रोमनमध्ये ते टिंब नाही. परिणामी ‘काळे’ हे आडनाव रोमनमध्ये गेले की केवळ के, ए, एल, ई ही चार अक्षरे उरतात. ती देवनागरीत परत आणताना यंत्र त्यांचे ‘काले’ करील, ‘कले’ करील, इंग्रजीच्या वळणाने ‘केल’सुद्धा करील. ‘काळे’ करण्याला त्याच्यापाशी काही आधारच नसतो, कारण तो आधार पहिल्याच पायरीवर गळून गेलेला असतो. ज्या घराण्याने ही नगरी वाढवली ते आपल्या तोंडी ‘होळकर’ आहे, येथील हिंदी पाट्यांवर ‘होलकर’ आहे. तेथे दोष यंत्राचा नाही, ती हिंदीची वहिवाट आहे. तथापि यंत्र रोमनमधून परतताना हीच वहिवाट पक्की करून टाकते.

वास्तविक असे होण्याचे कारण नव्हते. वडोदऱ्यातील मराठी माणसाच्या शेजारच्या गुजराती लिपीत ‘ळ’ आहे, बेळगावातील कन्नडमध्ये आहे, हैदराबादच्या तेलुगूतही आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतमान प्रसिद्ध केले. त्यात निरनिराळ्या लिप्यांतील समान अक्षरांना एकच स्थान दिले होते. मघाशी ज्याला मी सामाईक रूप म्हणालो त्याचे हे स्वदेशी आणि सुंदर उदाहरण होय. आजच्या युनिकोडमध्येही देवनागरी, गुजराती, कन्नड आणि तेलुगू या चारही लिप्यांच्या विभागांत ‘ळ’ आपापल्या विभागाच्या आरंभापासून त्याच क्रमांकावर बसलेला आहे. म्हणजे एका भारतीय लिपीतून दुसरीत थेट गेलो तर ‘ळ’ सुखरूप पोहोचतो. मध्ये रोमनचा मुक्काम केला की तो हरवतो. सामाईक रूप म्हणून आपण कोणाची निवड करतो यावर काय वाचेल आणि काय बुडेल हे ठरते.

लांबीचीही अडचण आहे. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला ३ बाइट लागतात, रोमनच्या अक्षराला १. ‘होळकर’ या शब्दात ह, ओकाराची खूण, ळ, क आणि र असे ५ संकेत आहेत, म्हणजे १५ बाइट झाले. रोमनमध्ये तेच नाव ६ बाइटांत मावते. १० बाइटांचा रकाना करणाऱ्याने रोमनचाच विचार केलेला असतो. त्यात देवनागरी नाव कोंबले, तर ‘होळ’ एवढे उरते आणि पुढे एका तुटलेल्या अक्षराचा तुकडा.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. तीन वर्षांपूर्वी माझ्या परिचयातील एका वृद्ध भगिनीचे कुटुंबनिवृत्तिवेतन अडले, तोवर मलाही त्या पुस्तकी वाटत होत्या. त्यांच्या दिवंगत यजमानांच्या सेवापुस्तकात आडनाव त्यांच्याच सुवाच्य अक्षरांत ‘काळे’ असे होते. पुढे त्या दप्तराचे संगणकीकरण झाले तेव्हा नावे रोमनमध्ये भरली गेली. पुढे आणखी एका प्रणालीने ती रोमनमधून देवनागरीत आणली आणि ‘काले’ असे छापील नाव तयार झाले. दोन दप्तरांची जुळवणी करणाऱ्या तिसऱ्या प्रणालीने ‘काळे’ आणि ‘काले’ ही भिन्न माणसे ठरवली. चार महिने त्या बाई शपथपत्रे करीत हिंडल्या. खिडकीवरचा कारकून उद्धट नव्हता. तो प्रामाणिकपणे म्हणत होता, “माताजी, सिस्टीम में नाम अलग है.” त्याच्यापुढील पडद्यावर खरोखरच नाव वेगळे होते. ते कोणी, केव्हा आणि कशावरून तसे केले, हे सांगणारी खूण मात्र कोठेही नव्हती. मूळ सेवापुस्तक त्याच इमारतीत एका कपाटात होते, परंतु त्याकडे जाणारी वाट संदेशाबरोबर आलेली नव्हती.

या प्रसंगाचा नीट विचार केला तर दिसते की, तिन्ही प्रणालींनी आपापले काम नियमाप्रमाणे केले. रूपांतर झाले हा दोष नव्हे. रूपांतराशिवाय दोन भाषा, दोन संस्था, दोन यंत्रे एकत्र नांदूच शकत नाहीत. दोष तीन ठिकाणी होता. मूळ नाव बरोबर ठेवले गेले नाही. गळलेल्या आणि अंदाजाने भरलेल्या अक्षरांवर खूण केली गेली नाही. आणि न जुळलेली नोंद एखाद्या माणसाच्या नजरेखाली जाण्याऐवजी थेट त्या बाईंच्या माथी मारली गेली. मूळ जपावे, गाळलेले व तर्काने भरलेले दाखवावे आणि न उलगडलेले माणसापुढे ठेवावे, ही मधल्याची तीन कर्तव्ये मला दिसतात. यांतील एकही यंत्राच्या शक्तीबाहेरचे नाही. मूळ नावासाठी एक जादा रकाना आणि एक चिन्ह, एवढाच त्याचा खर्च आहे.

या सभागृहात आणि या पुस्तिकेच्या वाचकांत संगणकव्यवसायात असलेले अनेक माजी विद्यार्थी आहेत. पुणे, बंगळूर, हैदराबाद आणि परदेशांतही त्यांतील काहीजण अशाच मध्यस्थ प्रणाली रचीत असतील. त्यांना माझी विनंती आहे की, रकान्यांचा आराखडा करताना मातृलिपीतील नावासाठी स्वतंत्र आणि पुरेशी जागा ठेवा, आणि रोमनवरून केलेले देवनागरी हे मूळ देवनागरी म्हणून कधीही नोंदवू नका. शाळेलाही विनंती आहे. आपल्या जनरल रजिस्टरमधील जुनी नावे संगणकावर घेण्याचे काम निघेल तेव्हा ती पाहून देवनागरीतच उतरवावीत आणि प्रत्येक नोंदीसोबत मूळ पानाचे छायाचित्र जोडावे. शाळा सोडल्याचा दाखला हा पुष्कळांच्या आयुष्यातील पहिला अधिकृत कागद असतो. पुढे नावाविषयी वाद उपस्थित झाला की लोक त्याच कागदाकडे परत येतात.

आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या मध्यस्थच आहोत. मुलांच्या शाळेत, कचेऱ्यांत, सोयरिकीत आपण सतत एकीकडचे दुसरीकडे नेत असतो आणि नेताना काही गळते याची आपल्याला जाणीव असते. ती जाणीव यंत्र रचणाऱ्याच्या कामात उतरली, तर एखाद्या वृद्धेचे चार महिने वाचतील.